इमारतीतील पक्ष्यांची घरटी : पक्षी कोणता, वेळ कोणती आणि उपाय कोणता?

राजारामपुरी सचिव

नमस्कार. कोल्हापुरात राजारामपुरीतील आमच्या गृहसंस्थेच्या मागच्या अंगाला दोन डक्ट आहेत. स्वयंपाकघरांच्या आणि न्हाणीघरांच्या खिडक्या त्यांत उघडतात आणि पाण्याचे, सांडपाण्याचे सगळे पाइप त्यांतूनच खाली जातात. गेल्या काही वर्षांत या दोन्ही डक्टचा ताबा कबुतरांनी घेतला आहे. पाइपांच्या जोडांवर, एसीच्या बाहेरच्या यंत्रामागे, सज्जांवर, जिथे म्हणून वीतभर सपाट जागा मिळते तिथे काड्या पडलेल्या दिसतात. तळाशी विष्ठेचा थर इतका साचला आहे की प्लंबर आत उतरायला तयार होत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे त्यांच्या घरची डक्टकडची खिडकी बारा महिने बंद असते. गच्चीवर पावसाळी पाइपांच्या तोंडाशी काड्या आणि पिसे अडकून पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तुंबले आणि वरच्या मजल्याच्या छताला ओल आली. जूनपासून इथे पाऊस कसा लागून राहतो हे आपणा सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा हे पुन्हा होऊ देऊन चालणार नाही.

एका ठेकेदाराने पाहणी करून दरपत्रक दिले आहे. त्यात सज्जांवर चिकट जेल लावणे, डक्टवर जाळी मारणे, गच्चीवर न ऐकू येणाऱ्या आवाजाचे यंत्र बसवणे आणि घरटी साफ करणे अशी कामे लिहिलेली आहेत. घरट्यांत अंडी किंवा पिल्ले असली तर काय करणार, असे विचारल्यावर ‘ते आमच्यावर सोडा’ एवढेच उत्तर मिळाले. सचिव म्हणून त्या दरपत्रकावर सही मला करायची आहे, आणि एवढ्या उत्तरावर सही करायला माझे मन तयार नाही.

आणखी एक अडचण आहे. आमच्या इमारतीत केवळ कबुतरेच नाहीत. वीजमीटरच्या पेटीमागे चिमण्यांचे घरटे आहे, एका रिकाम्या सदनिकेच्या एक्झॉस्ट फॅनच्या भोकात साळुंक्या ये-जा करतात, आणि जिन्याच्या माथ्यावर, छताला चिकटलेले पिसांचे गोळे आहेत, ते कोणाचे हे आम्हाला समजलेले नाही. सभासदांपैकी निम्म्यांचे म्हणणे ‘सगळे एकदाचे काढून टाका’ असे आहे आणि उरलेल्यांचे ‘कशालाच हात लावू नका’ असे आहे. ज्यांनी हे काम नीट करून घेतले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पेठेतली सून

सचिवसाहेब, सगळ्यांना एकच उपाय लावायचा नाही, हे आधी ठरवा. कोणत्या घरट्याचा कोण मालक, हे समजले की निम्मा वाद आपोआप मिटतो. शिवाजी पेठेत आमचे सासरघर जुन्या वाड्यात आहे, त्यामुळे छताखालच्या या भाडेकरूंशी आमची चांगली ओळख आहे.

जिन्याच्या माथ्यावरचे पिसांचे गोळे बहुधा पाकोळ्यांचे आहेत. पाकोळी हवेत उडती पिसे आणि गवताच्या काड्या पकडते आणि आपल्या लाळेने त्या छताला चिकटवते. जवळजवळ लागून अशी बरीच घरटी असतात आणि संध्याकाळी त्यांचा थवा चिरचिरत इमारतीभोवती घिरट्या घालतो. हा पक्षी डास, माश्या, उडते किडे यांवरच जगतो, तो तुमच्या धान्याला तोंड लावत नाही की खिडकीत येऊन बसत नाही. खाली थोडी घाण पडते, तिच्यासाठी घरट्यांच्या खाली हातभर रुंदीची एक फळी ठोकली की काम भागते. आमच्याकडे ती वर्षानुवर्षे आहे. पाकोळीचे पिल्लू किंवा मोठा पक्षी जिन्यात पडलेला सापडला तर तो मेला असे समजू नका. तिचे पाय अगदी आखूड असल्यामुळे सपाट जमिनीवरून तिला उडणे अवघड जाते. पक्षी धडधाकट असेल तर तळहातावर घेऊन उंच कठड्यावर नेला की बहुतेक वेळा तो स्वतःच झेप घेतो, पिल्लू असेल तर मात्र ते घरट्यातच परत ठेवावे लागते.

चिखलाच्या बारीक गोळ्यांचे, सुरईसारखे, बोळकांडीचे तोंड असलेले घरटे दिसले तर ते भिंगरीचे. तिचीही गुजराण उडत्या किड्यांवर होते. भोकातून गवत, दोरे, कागद, प्लॅस्टिकचे तुकडे बाहेर लोंबत असतील तर ती साळुंकी किंवा चिमणी. साळुंकीची अंडी निळसर असतात आणि तिचा पसारा जास्त असतो. कबुतराचे घरटे मात्र घरटे म्हणावे असे नसतेच, चार काड्या आडव्यातिडव्या टाकल्या की झाले, आणि पुढे पिल्लांच्या विष्ठेनेच त्या काड्या सिमेंटसारख्या घट्ट बसतात. दोन अंडी, पांढरीशुभ्र.

माळ्यावरून किंवा बंद खोलीतून रात्री घोरल्यासारखा, फुसफुसल्यासारखा आवाज येत असेल आणि खाली अंगठ्याएवढे काळपट गोळे पडलेले असतील, तर घाबरून कोणाला बोलावू नका. तो गोळा पाण्यात भिजवून काडीने उकला, आत उंदरांचे केस, दात आणि इवल्या कवट्या निघतील. ते गव्हाणी घुबड असते आणि उंदरांचा त्याच्याइतका बंदोबस्त कोणतेही औषध करत नाही. घुबडाला अपशकुनी मानून हुसकावणाऱ्यांना आणि दिवाळीच्या सुमारास त्याच्या मागावर असणाऱ्यांना दोघांनाही आम्ही दार दाखवलेले आहे. आणि काळे, तांदळाएवढे, बोटांत चुरडले की भुकटी होणारे लेंडूक सापडले तर तो पक्षीच नव्हे, ते वटवाघूळ आहे. त्या भुकटीत किड्यांच्या पंखांची चमक दिसते. पण ते उघड्या हाताने चुरडू नका, काडी वापरा.

कळंबा रोड

वहिनी, माहिती उत्तम आहे. मला फक्त इतकेच विचारायचे आहे, की चिमण्यांचे घरटे वीजमीटरच्या पेटीमागे ठेवणे सुरक्षित आहे का? वाळलेले गवत आणि विजेच्या जोडण्या एकत्र असणे मला धोक्याचे वाटते.

पेठेतली सून

धोक्याचे आहेच. पिल्ले उडून जाईपर्यंत थांबा, चिमणीला त्यासाठी अंडी घातल्यापासून साधारण महिना पुरतो. नंतर गवत काढून पेटीच्या मागची फट बुजवा आणि त्याच भिंतीवर, थोड्या अंतरावर, ३२ मिलिमीटर व्यासाचे भोक असलेली लाकडी पेटी टांगा. एवढ्या भोकातून चिमणी आत जाते, साळुंकी जात नाही. पेटी उन्हाच्या तोंडावर मात्र टांगू नका.

छातीरोग

मी कोल्हापुरातच छातीच्या विकारांवर उपचार करतो, म्हणून केवळ आरोग्यापुरते लिहितो. कबुतरे असलेल्या प्रत्येक इमारतीत माणसे आजारी पडतात असे नाही आणि तशी भीती पसरवणे योग्य नाही. परंतु ज्यांच्या घरात ही धूळ रोज येते त्यांच्यापैकी काहींच्या फुप्फुसांना तिची तीव्र प्रतिक्रिया होते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहतो. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. हा जंतुसंसर्ग नाही. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेतील आणि पिसांवरच्या पांढऱ्या भुकटीतील प्रथिने श्वासाबरोबर आत जातात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा फुप्फुसाच्या आतल्या भागातच सूज निर्माण करते. काही जणांना संपर्कानंतर चार ते आठ तासांनी ताप, कोरडा खोकला आणि धाप लागते व दुसऱ्या दिवशी बरे वाटते, म्हणून ते हवापालटाचा त्रास समजून दुर्लक्ष करतात. दुसरा प्रकार अधिक घातक असतो. त्यात ताप नसतो, केवळ जिना चढताना लागणारा दम महिन्यामहिन्याने वाढत जातो. या अवस्थेत फुप्फुस कायमचे घट्ट होऊ शकते आणि ते पूर्ववत होत नाही. त्यामुळे अशा रुग्णाने डॉक्टरांना ‘घराजवळ कबुतरे आहेत’ हे न विचारता सांगावे. दम्याचे औषध घेऊनही धाप कमी होत नसेल तर ते सांगणे अधिकच आवश्यक आहे.

याशिवाय जुन्या, साचलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी वाढते. धडधाकट माणसाला तिच्यापासून सहसा काही होत नाही, परंतु ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे कमी झालेली आहे त्यांच्या मेंदूच्या आवरणापर्यंत ती पोहोचू शकते. अवयव प्रत्यारोपण झालेले, कर्करोगाचे उपचार चालू असलेले किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे सभासद इमारतीत असतील तर साफसफाईच्या दिवशी त्यांनी दुसरीकडे राहावे.

माझी कळकळीची विनंती साफसफाईविषयी आहे. वर्षभर जी धूळ शांत पडून असते ती झाडूच्या एका फटकाऱ्याने सर्व मजल्यांवर जाते. डक्ट हा धुराड्यासारखा असतो, खालची हवा वर ओढतो. त्यामुळे कोरडा झाडू आणि हवेचा झोत या दोन्ही गोष्टी पूर्णपणे टाळाव्यात. आधी पंपाने हलके पाणी मारून थर आतपर्यंत भिजू द्यावा, भिजलेला मलबा फावड्याने उचलून दुहेरी पिशवीत बांधावा आणि सर्वांत शेवटी जागा धुवावी. काम करणाऱ्याने एन ९५ मास्क नाकावर घट्ट बसवून घालावा, तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा. त्या दिवशी डक्टकडच्या सर्व खिडक्या बंद असाव्यात आणि त्यांच्या फटींना ओला कपडा लावावा. आपल्या प्लंबरने आत उतरायला नकार दिला, त्यात त्याचे काहीही चुकलेले नाही. जी माणसे आपण पैसे देऊन आत उतरवतो त्यांच्या फुप्फुसांची जबाबदारी संस्थेचीच आहे, हे दरपत्रकावर सही करण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

उद्यमनगर जाळीवाला

मी उद्यमनगरात फॅब्रिकेशनचे काम करतो आणि जाळ्या बसवण्याची कामे घेतो. माझे हितसंबंध यात आहेत हे आधीच सांगतो, तरीही जे लिहितो ते तपासून घ्यावे.

चिकट जेल लावू नका. उन्हाने ते पातळ होते, धुळीने त्याचा चिकटपणा जातो आणि तोपर्यंत त्यात कबुतराऐवजी चिमणी, पाकोळी किंवा पाल अडकते. पिसांना जेल लागलेला लहान पक्षी उडू शकत नाही आणि तडफडून मरतो. अशी एक चिमणी मी नखाएवढ्या पट्टीवरून सोडवली होती, तिच्या पंखाची पिसे सुटताना माझ्या बोटांना येत होती. तेव्हापासून हे काम मी घेत नाही. न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या यंत्रावरही पैसे घालवू नका. माणसाला जो उंच ध्वनी ऐकू येत नाही तो कबुतरालाही ऐकू येत नाही. त्या यंत्रावरच बसलेली कबुतरे मी पाहिलेली आहेत. चकचकीत पट्ट्या, जुन्या सीडी, प्लॅस्टिकचे घुबड यांना कबुतरे काही दिवस बिचकतात, नंतर सरावतात.

उरते ती जागा बंद करणे. कबुतर मूळचे कड्याकपारीतला पक्षी आहे. डोक्यावर छत, मागे भिंत आणि पायाखाली सपाट पट्टी एवढे मिळाले की त्याला तो कडाच वाटतो. कबुतराला पकडून पन्हाळ्याला सोडले तरी ते परत येईल, कारण घराची वाट शोधण्यासाठीच माणसाने हा पक्षी हजारो वर्षे पाळला आहे. म्हणून पक्ष्याच्या मागे न लागता ती सपाट पट्टी काढून घ्यायची.

जाळीची भोके कबुतरासाठी ५० मिलिमीटरची, साळुंकीसाठी २८ आणि चिमणीसाठी १९ मिलिमीटरची लागतात. तुमच्या डक्टला ५० चालेल. कबुतर अडेल आणि चिमणीला येता-जाता येईल. जाळी उन्हाला टिकणाऱ्या पॉलिथिनची घ्या. मासे धरायच्या पातळ नायलॉनची जाळी स्वस्त मिळते, पण ती उन्हाने कुजते आणि तिच्यात पक्ष्यांचे पाय गुंततात. यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे जाळी मारण्याची पद्धत. चारी बाजूंनी भिंतीत साधारण सव्वा फुटावर एक हूक, त्या हुकांतून स्टेनलेस स्टीलची तार, ती टर्नबकलने (तार ताणायच्या स्क्रूने) ताणलेली, आणि त्या तारेला जाळी धातूच्या रिंगांनी पकडलेली, अशी रचना हवी. नुसते खिळे मारून दोरीने बांधलेली जाळी पहिल्या पावसाळ्यात झोळीसारखी लोंबते. लोंबत्या जाळीत कबुतर अडकते, कोपऱ्यातल्या फटीतून आत शिरलेल्याला बाहेरची वाट सापडत नाही आणि ते आतच मरते. मग वास, किडे आणि भांडणे. हाताच्या मुठीने दाबली तर जाळी परत उसळली पाहिजे, तोपर्यंत ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देऊ नका.

सज्जांवर काटेरी पट्ट्या लावायच्या असतील तर सज्जाची पूर्ण रुंदी झाकली पाहिजे. मागे चार बोटे जागा राहिली तर कबुतरे त्याच काट्यांत काड्या अडकवून अधिक पक्के घरटे करतात. त्याऐवजी अरुंद सज्जावर पत्र्याचा किंवा सिमेंटचा तिरपा उतार करून घ्या. उतार ४५ अंशांपेक्षा कमी ठेवू नका, ६० पर्यंत नेला तर उत्तम. पावसाचे पाणीही त्यावरून निघून जाते, हा आपल्याकडचा जादा फायदा. एसीच्या यंत्राची मागची बाजू मात्र बंद करू नका, हवा कोंडून यंत्र तापते. तिथे भोवतीने वेल्डमेशचा, म्हणजे वेल्ड केलेल्या तारांच्या ताठ जाळीचा, पिंजरा करावा लागतो.

दाणापाणी

मला वाटते की या चर्चेत एक बाजू येत नाही. आमच्या घरी सासूबाई रोज सकाळी गच्चीवर ज्वारी टाकतात. हा आमच्या घरातला पिढ्यांचा नेम आहे, मुक्या जिवाला अन्न देण्यात आम्ही धर्म मानतो. मुंबईत २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि खाद्य घालणाऱ्यांवर कारवाई झाली, त्या बातम्या वाचून सासूबाईंना फार वाईट वाटले. पक्ष्यांना कुठेही जागा द्यायची नाही, खाऊही द्यायचे नाही, मग त्यांनी जायचे कुठे? डॉक्टरसाहेबांनी लिहिलेले मी गांभीर्याने वाचले आहे, आमच्या घरातही लहान मूल आहे. परंतु नेम मोडा असे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

पंचगंगाकाठ

ताई, आपला प्रश्न मनापासूनचा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. मी पक्षी पाहणारा माणूस आहे, पक्ष्यांचा शत्रू नाही.

कबुतर वर्षभर अंडी घालू शकते. दोन अंडी, सुमारे अठरा दिवसांची उबवण, आणि त्यानंतर महिनाभरात पिल्ले उडतात. नर आणि मादी दोघेही आपल्या गळ्याच्या पिशवीत तयार होणारे दुधासारखे द्रव पिल्लांना भरवतात, त्यामुळे पिल्लांसाठी किडे शोधायची त्यांना गरज नसते. आयते धान्य मिळाले की वर्षाला पाच-सहा वेळा पिल्ले काढणेही जमते. चिमणीचे तसे नाही, तिची पिल्ले सुरुवातीला किडे-अळ्यांवरच वाढतात. म्हणून आपण गच्चीवर टाकलेल्या ज्वारीने चिमण्या फारशा वाढत नाहीत, कबुतरे वाढतात. लक्ष्मीपुरीत धान्याच्या पोत्यांतून रस्त्यावर सांडते तेवढेच त्यांना पुरेसे असते, वर आपण भर घालतो.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराचा अनुभव इथे सांगण्यासारखा आहे. तिथे अनेक वर्षे कबुतरे मारून आणि पकडून काहीही फरक पडला नव्हता, कारण जितकी मारली तितकी नवी पिल्ले रिकाम्या जागी जगली. १९८८ पासून तिथे लोकांना खाद्य घालणे थांबवण्याविषयी पत्रके, सभा आणि वर्तमानपत्रे यांतून समजावले गेले, आणि पुढच्या चार-साडेचार वर्षांत कबुतरांची संख्या सुमारे २० हजारांवरून १० हजारांवर आली. अन्न कमी झाले की ती कमी अंडी घालतात आणि दूरवर जाऊन पोट भरतात. जिथे अन्न मुबलक असते तिथे गर्दी होते, गर्दीत रोग पसरतात आणि पिल्ले घरट्यातच मरतात. ज्वारीच्या ढिगाभोवतीचा हा भाग आपल्याला दिसत नाही.

सासूबाईंचा नेम मोडू नये असे मलाही वाटते, तो वळवता येईल. मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवणे, विशेषतः मार्च ते मे, हे दाण्यापेक्षा मोठे दान आहे. भांडे रोज घासून पाणी बदलावे, नाहीतर डास होतात. दाणा द्यायचाच असेल तर कबुतर आत शिरू शकणार नाही अशा जाळीच्या पिंजऱ्यात, चिमण्या एका बैठकीत संपवतील एवढाच, मूठभर द्यावा. आणि तुळशीशेजारी एखादी मोठी कुंडी फुलझाडांची, औषध न मारलेली, ठेवली तर तिच्यावरचे किडे चिमणीची पिल्ले वाढवतात.

सचिवसाहेबांसाठी कायद्याची एक गोष्ट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या करताना वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणे आणि अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे यांचाही तीत समावेश केला आहे. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा पाळीव आणि वन्य दोघांनाही लागू आहे. पिल्ले पिशवीत भरून फेकणे हे ‘घरटी साफ करणे’ नव्हे. घुबडाची किंवा अडकलेल्या, जखमी पक्ष्याची अडचण असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

गच्चीवर सौर

आमच्याकडे कसबा बावड्यात सौर पॅनेलखाली हाच प्रकार आहे. पॅनेल आणि गच्ची यांच्यामधल्या फटीत कबुतरांनी वसाहत केली आहे, वायरी काड्यांत गुरफटल्या आहेत आणि पॅनेलवर विष्ठेचे डाग पडून वीज कमी तयार होते. पॅनेलला भोक न पाडता जाळी लावता येते का?

उद्यमनगर जाळीवाला

येते. भोक पाडू नका, कंपनीची हमी जाते. पॅनेलच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीला खालून पकडणारे क्लिप मिळतात, त्यांत वेल्डमेशची पट्टी अडकवून ती गच्चीपर्यंत सोडायची. आधी टॉर्च घेऊन दुपारी खाली वाकून पाहा, आत पिल्लू राहिले असेल तर त्याला कोंडल्यासारखे होईल. पॅनेल सकाळी थंड असताना साध्या पाण्याने धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

राजारामपुरी सचिव

सर्वांचे आभार. आपले लिखाण छापून सूचनाफलकावर लावले आणि रविवारच्या सभेत वाचूनही दाखवले. जेल आणि यंत्र ही दोन कामे दरपत्रकातून काढून टाकली आहेत. पाकोळ्यांना हात लावायचा नाही, त्यांच्या खाली फळी बसवायची, हे एकमताने ठरले. ‘सगळे काढून टाका’ म्हणणाऱ्या सभासदांनीच फळीचा खर्च देण्याची तयारी दाखवली, याचा मला विशेष आनंद झाला. साळुंक्यांची पिल्ले उडाली की भोकाला झडप बसवू.

एक पेच मात्र सुटलेला नाही. डक्टमधल्या काही घरट्यांत पिल्ले आहेत, काहींत अंडी आहेत, काही नुसत्या काड्या आहेत. ‘सगळी पिल्ले उडाली की जाळी मारू’ असे ठरवले तर तो दिवस कधी उजाडेल असे दिसत नाही, कारण एक घरटे रिकामे होईपर्यंत शेजारी दुसरे भरते. हे कसे करावे?

पंचगंगाकाठ

हा पेच कबुतरांच्या बाबतीत नेहमीचा आहे. पिल्ले तीन आठवड्यांची होतात न होतात तोच मादी जवळच्याच दुसऱ्या जागी नवी अंडी घालते, त्यामुळे पूर्ण रिकामा डक्ट मिळतच नाही. त्यासाठी आधी प्रत्येक सज्जाला खडूने क्रमांक द्या आणि कोणत्या घरट्यात काय आहे याची वही करा. नुसत्या काड्या असतील, अंडी नसतील, तिथल्या काड्या लगेच काढा आणि त्याच दिवशी ती पट्टी उताराने किंवा तात्पुरत्या फळीने बंद करा. काड्या काढून जागा मोकळी ठेवली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काड्या येतात. असे करत गेल्यावर नवी अंडी घालायला जागाच उरत नाही आणि जी भरलेली घरटी आहेत ती एकेक करून रिकामी होत जातात. अंडे घातल्यापासून पिल्लू उडेपर्यंत सात आठवडे लागतात, म्हणून अंडी असलेल्या शेवटच्या घरट्यासाठी साधारण दोन महिने धरा. पिल्लाच्या अंगावरचा पिवळा लव गेला आणि ते सज्जाच्या कडेला येऊन पंख झाडू लागले की आठवड्याभरात उडते.

छातीरोग

त्या दोन महिन्यांत आजींच्या घराची खिडकी बंदच ठेवावी. घरटी रिकामी झाल्यावर काही वेळा बारीक लालसर किडे खिडक्यांवाटे घरात येतात आणि अंगाला खाज सुटते. पक्षी गेल्यामुळे उपाशी पडलेले ते परजीवी असतात. काड्या आणि घाण वेळेत उचलली तर तो त्रास होत नाही.

उद्यमनगर जाळीवाला

जाळी दुपारी बंद करा. रात्री कबुतरे मुक्कामाला आत असतात, सकाळी लवकरही असतात, दुपारी बहुतेक बाहेर चरायला गेलेली असतात. शेवटचा कोपरा शिवण्यापूर्वी प्रत्येक मजल्याच्या खिडकीतून एक माणूस टॉर्चने पाहील अशी व्यवस्था करा. आणि जाळीला तळाशी व गच्चीच्या पातळीवर अशा दोन चेन (उघडझाप करायच्या झिप) शिवून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी प्लंबर पाइप दुरुस्त करायला येईल आणि पक्कडीने जाळी कापून आत जाईल. कापलेली जाळी पुन्हा कोणी शिवत नाही. चेनच्या किल्ल्या तुमच्याकडे ठेवा, आणि जूनच्या आधी एकदा व दिवाळीनंतर एकदा तारांचा ताण तपासून घ्या.

राजारामपुरी सचिव

चेनची गोष्ट दरपत्रकात लिहून घेतो. क्रमांक घालण्याचे आणि वहीचे काम वरच्या मजल्यावरच्या दोन महाविद्यालयीन मुलींनी आपणहून घेतले आहे, उद्यापासून त्या सुरुवात करतील. ठेकेदाराकडून पंप, मास्क आणि दुहेरी पिशव्यांचा खर्च वेगळा मागवला आहे, तो आला की इथे आकडे टाकतो.